अवयव न पाडता

शाळेत मूळ संख्या शिकवतात तेव्हा व्याख्या दोन ओळींत संपते. एकाहून मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या. जिला जातो ती संयुक्त. १५ संयुक्त का, तर तिला ३ ने भाग जातो. ९१ दिसायला मूळ वाटते, पण तेराच्या पाढ्यात ती सातव्या ओळीला येते, म्हणून तीही संयुक्त. अशी उदाहरणे सोडवता सोडवता एक समजूत नकळत घट्ट बसते: एखादी संख्या संयुक्त आहे असे म्हणायचे, तर तिचा निदान एक अवयव दाखवता आला पाहिजे. लहान संख्यांपुरती ही समजूत कुठे अडत नाही. मोठ्या संख्यांपाशी मात्र ती टिकत नाही. ती का टिकत नाही हे कळायला शाळेतला भागाकार पुरतो, आणि तरीही ते फारसे कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते. संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव पाडणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले तुलनेने सोपे आहे, दुसरे भयंकर अवघड. या दोहोंमधले अंतर एका एकवीस अंकी संख्येच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

ती संख्या अशी: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. लक्षात ठेवायला कठीण, पण तयार करायला सोपी. सदुसष्ट वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार करायचा, म्हणजे दोनाचा ६७ वा घात काढायचा, आणि त्यातून एक वजा करायचा. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तो पट ६४ ऐवजी ६७ घरांचा असता, तर एकूण दाणे नेमके एवढेच झाले असते. दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या अशा संख्यांना मेर्सेन संख्या म्हणतात. मारँ मेर्सेन हा पॅरिसमध्ये राहणारा ख्रिस्ती धर्मगुरू. युरोपभरच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार होता. घातांक संयुक्त असेल तर अशी संख्या मूळ असूच शकत नाही हे तेव्हा माहीत होते. पण घातांक मूळ असणे पुरेसे नाही, हेही माहीत होते: ११ मूळ आहे, तरी दोनाच्या ११ व्या घातातून एक वजा केला की २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. मग कोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते? मेर्सेनने १६४४ च्या ग्रंथात यादीच देऊन टाकली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७, या मर्यादेतले बाकीचे सगळे घातांक बाद. शेवटच्या घातांकाची संख्या ७८ अंकी आहे. एवढ्या मोठ्या संख्या त्याने पडताळून पाहिल्या असणे शक्यच नव्हते. पुढे यादीत पाच चुका निघाल्या: ६१, ८९ आणि १०७ यादीत हवे होते, आणि ६७ व २५७ तिथे नको होते. तरीही हे विधान निष्फळ ठरले नाही. पुढची अडीच-तीनशे वर्षे ज्यावर काम करावे असा नेमका प्रश्न त्याने गणितज्ञांच्या हाती दिला.

आता ६७ चा दावा खरा की खोटा हे हाताने तपासायचे ठरवले, तर काय करावे लागेल ते पाहू. सरळ मार्ग म्हणजे २, ३, ५, ७ असे एकेका मूळ संख्येने भागत जाणे. तो कुठवर जाईल? आज आपल्याला उत्तर माहीत आहे: या संख्येचा सर्वांत लहान अवयव १९,३७,०७,७२१ आहे. त्याच्या आधी एक कोटीहून अधिक मूळ संख्या येतात. इथे पिएर द फर्माने १६४० मध्ये सांगितलेला एक नियम मोठी मदत करतो. घातांक ६७ असेल तर मेर्सेन संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला १३४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. १३४ म्हणजे ६७ ची दुप्पट. (२०४७ च्या बाबतीत हे लगेच पडताळता येते. २३ आणि ८९ या दोहोंना २२ ने भागा, बाकी १ च उरते.) शिवाय त्या अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरावी लागते. या दोन चाळण्या लावल्या की एक कोटीतून सुमारे ऐंशी हजार उमेदवार उरतात. एकवीस अंकी संख्येच्या एका भागाकाराला पाच मिनिटे धरली, तर रोज आठ तास बसून दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यातही कोणते उमेदवार मूळ आहेत हे आधी ठरवण्याचे कष्ट यात धरलेले नाहीत. आणि अवयव कुठे सापडणार हे भागणाऱ्याला ठाऊक नसते. संख्या मूळ असती तर ती मूळ असल्याची खात्री व्हायला वर्गमूळापर्यंत, म्हणजे बाराशे कोटींच्या पुढे, जावे लागले असते. तिथवर चाळणीतून उरलेले उमेदवारही चाळीस लाखांहून अधिक आहेत. त्याच वेगाने ते काम शंभर वर्षांत संपत नाही.

एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये यातला एकही भागाकार न करता ही संख्या संयुक्त असल्याचे जाहीर केले. हे कसे शक्य होते, ते आधी एका छोट्या उदाहरणात पाहू. फर्माचाच आणखी एक नियम असा, की एखादी विषम मूळ संख्या घेतली आणि दोनाचा तिच्याहून एकने कमी असा घात काढला, तर त्याला त्या संख्येने भागल्यावर बाकी नेहमी १ उरते. ७ साठी दोनाचा सहावा घात ६४. ६४ ला ७ ने भागले की बाकी १. आता १५ घ्या. दोनाचा १४ वा घात १६,३८४. त्याला १५ ने भागल्यावर बाकी ४ उरते. १५ मूळ असती तर बाकी १ च उरली असती. ती उरली नाही, म्हणून १५ मूळ नाही. या युक्तिवादात ३ आणि ५ यांचे नावही आलेले नाही. सगळ्या मूळ संख्या जो नियम पाळतात तो या संख्येने मोडला, एवढेच आपण दाखवले, आणि निष्कर्ष पक्का आहे. संख्या मोठी असेल तर घात प्रचंड होतो, अशी शंका इथे येईल. पण पूर्ण घात लिहिण्याची गरजच नसते. घातांक निम्मा निम्मा करत न्यायचा, वर्ग करत यायचे आणि प्रत्येक टप्प्याला फक्त बाकी ठेवायची. दोनाचा घात निम्मे करत आणि वर्ग करत काढण्याची ही रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रात, वृत्तांचे प्रकार मोजण्याच्या निमित्ताने, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी येऊन गेलेली आहे. हजार अंकी घातांकालाही या रीतीने काही हजार पायऱ्याच लागतात.

फर्माची ही कसोटी मेर्सेन संख्यांना मात्र तशीच्या तशी लागू करता येत नाही, कारण मूळ घातांकाच्या सगळ्याच मेर्सेन संख्या, २०४७ सारख्या संयुक्त असल्या तरी, दोनाच्या बाबतीत हा नियम पाळतात. ल्युकाचे मोठेपण इथे आहे. त्याने मेर्सेन संख्यांसाठी वेगळी, अधिक कडक कसोटी शोधली. अमेरिकन गणितज्ञ डेरिक लेहमर याने १९३० मध्ये तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची. हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे आणि तपासायच्या मेर्सेन संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करायचे. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, नाही आले तर संयुक्त. घातांक ५ साठी संख्या ३१ आहे आणि पायऱ्या तीन: ४ वरून १४, १४ वरून १९४, म्हणजे बाकी ८, ८ वरून ६२, म्हणजे बाकी ०. म्हणून ३१ मूळ. २०४७ साठी नऊ पायऱ्या लागतात आणि बाक्या क्रमाने अशा येतात: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. कागद घेऊन वाचकांनी हे एकदा करून पाहावेच, कारण शेवटच्या १७३६ कडे कितीही वेळ पाहिले तरी त्यात २३ चा किंवा ८९ चा मागमूस नाही. संख्या संयुक्त असल्याचा निकाल हाती आहे आणि अवयव मात्र जिथे होते तिथेच दडलेले आहेत. आपल्या एकवीस अंकी संख्येसाठी अशा ६५ पायऱ्या लागतात. एका बाजूला हजारो किंवा लाखो भागाकार, दुसऱ्या बाजूला ६५ वर्ग: दोन कामांमधले अंतर हे एवढे आहे.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. अवयव दाखवता येत नाही, तर हे खरे ज्ञान म्हणावे का? बाकी शून्य आली नाही या एका गोष्टीवर विसंबायचे? तर्काच्या बाजूने उत्तर स्पष्ट आहे. कसोटीची सिद्धता पूर्ण आहे; तिच्यात अंदाजाला जागा नाही. पण आक्षेपात तथ्याचा एक अंश आहे, आणि तो डावलू नये. हाताने ६५ पायऱ्या करताना एखाद्या ठिकाणी हातचा चुकला, तर शेवटी जवळजवळ खात्रीने शून्य येणार नाही आणि मूळ संख्याही संयुक्त ठरेल. उलट चूक होऊनही नेमके शून्य यावे, ही शक्यता नगण्य आहे. म्हणजे १८७६ मध्येच ल्युकाने दोनाच्या १२७ व्या घाताची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे सांगितले त्या निकालावर जितका भरवसा ठेवता येतो, तितका ६७ च्या ‘संयुक्त’ या निकालावर ठेवता येत नाही. असा निकाल मान्य करायचा तर सगळे गणित पुन्हा करून पाहावे लागते. अवयवांचे तसे नसते. एकदा ते हाती आले की एकच गुणाकार पुरतो. फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन गणितज्ञाने ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत हेच दाखवले: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ बरोबर आपली एकवीस अंकी संख्या. तो फळ्यापाशी गेला, एक शब्दही न बोलता एका बाजूला दोनाचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला, दुसऱ्या बाजूला गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरे जुळली आणि तो जागेवर जाऊन बसला, असे वर्णन एरिक टेंपल बेल याने केले आहे. याला तीन वर्षांचे रविवार लागले, असे कोलचे उत्तरही बेलच देतो. बेलचे पुस्तक १९५१ चे, म्हणजे घटनेनंतर जवळपास अर्धशतकाने आलेले, तेव्हा हा प्रसंग शब्दशः खरा मानण्याचे कारण नाही. कोलचा प्रसिद्ध झालेला लेख मात्र उपलब्ध आहे, आणि त्यावरून दिसते की त्याने आंधळेपणाने भागाकार केले नाहीत. अवयवांना कोणत्या बाक्या शक्य आहेत यावर एकामागून एक अटी लावत त्याने उमेदवारांची संख्या आवाक्यात आणली. तरीही ल्युकाचा निकाल आणि कोलचे अवयव यांमध्ये २७ वर्षे गेली.

दुसरा आक्षेप आजच्या वाचकाचा असेल. ही सगळी हातगणिताच्या काळातली रडकथा आहे. साधा संगणकही हे अवयव डोळ्याचे पाते लवायच्या आत काढतो, मग अंतर उरले कुठे? एकवीस अंकांपुरते ते उरले नाही, हे कबूल. पण संगणकाने दोन्ही कामांचा वेग वाढवला आणि अंतर फक्त पुढच्या संख्यांकडे सरकवले. मेर्सेनच्या यादीतल्या २५७ चेच पाहा. ती संख्या संयुक्त असल्याचे १९२० च्या दशकात कळले. अवयव हाती यायला त्यापुढे अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला, आणि तेही संगणक आल्यावर. घातांक १२७७ ची मेर्सेन संख्या ३८५ अंकी आहे. ल्युका-लेहमर कसोटी तिच्यावर चालवायला साध्या संगणकालाही क्षणभर पुरतो आणि ती संयुक्त ठरते. जगभरच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे शोध घेऊनही २०२४ पर्यंत तिचा एकही अवयव सापडलेला नव्हता. त्याच २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये घातांक १३,६२,७९,८४१ ची मेर्सेन संख्या मूळ असल्याचे जाहीर झाले. तिला ४,१०,२४,३२० अंक आहेत. चार कोटी अंकांच्या संख्येचे मूळपण आपण ठरवू शकतो आणि ३८५ अंकांच्या संख्येचा एक अवयव आपल्याला काढता येत नाही. या दोन आकड्यांची तुलना माझ्या मते कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा अधिक बोलकी आहे. मेर्सेन संख्यांसाठी खास कसोटी आहे म्हणून पहिला आकडा इतका फुगला, हे खरेच; पण कसलीही खास घडण नसलेल्या हजारो अंकी संख्येचे मूळपणही आज ठरवता येते, आणि तशाच संख्येचे अवयव काढण्याची मजल तीनशे अंकांच्याही अलीकडे थांबते.

हे अंतर कोणाच्या कामाचे, असा प्रश्न विचारणाऱ्याला १९७७ मध्ये उत्तर मिळाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले रॉन रिव्हेस्ट, अदी शमीर आणि लेन एडलमन यांनी गुप्तलेखनाची जी पद्धत मांडली, ती त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून आरएसए म्हणून ओळखली जाते, आणि इंटरनेटवरच्या व्यवहारांच्या सुरक्षेचा ती दीर्घकाळ एक मुख्य आधार राहिली आहे. तिच्यात दोन मोठ्या मूळ संख्या गुप्त ठेवतात आणि त्यांचा गुणाकार उघड करतात. आजच्या नेहमीच्या वापरात हा गुणाकार ६१७ अंकी असतो. पद्धत चालण्यासाठी दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. तीनशे अंकी मूळ संख्या चटकन सापडल्या पाहिजेत: त्या आकाराच्या संख्यांमध्ये सरासरीने सातशेंमागे एक मूळ असते, तेव्हा वाटेल ती विषम संख्या घेऊन फर्माच्या नियमाच्या सुधारित कसोटीवर घासत गेले की काही क्षणांत एक हाती लागते. आणि गुणाकारावरून मागे त्या दोन संख्यांकडे जाता आले नाही पाहिजे. उघड केलेली संख्या संयुक्त आहे हे तर सगळ्या जगाला माहीतच असते. त्या माहितीचा चोराला काडीचाही उपयोग होत नाही. दोन्ही कामे सारखीच सोपी असती तर ही पद्धत निरुपयोगी ठरली असती, आणि दोन्ही सारखीच अवघड असती तर ती सुरूच करता आली नसती. आव्हान म्हणून १९७७ मध्येच जाहीर केलेल्या एका १२९ अंकी संख्येचे अवयव १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून काम वाटून घेऊन काढले. २५० अंकी आव्हान-संख्येचे अवयव फेब्रुवारी २०२० मध्ये निघाले. त्याला लागलेले गणन एकाच प्रोसेसर-गाभ्यावर केले असते तर सुमारे २७०० वर्षे लागली असती. ६१७ अंकी आव्हान-संख्या अजून तशीच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला पुरे उत्तर नाही. अवयव पाडणे अवघड आहे हे सिद्ध कोणी केले? कोणीच नाही. आजवर जोरदार प्रयत्न झाले आणि वेगवान रीत सापडली नाही, एवढाच आधार आहे. नवी कल्पना आली तर चित्र बदलू शकते, आणि पहिल्या कामाच्या बाबतीत अशी कल्पना भारतातूनच आली. २००२ पर्यंत कोणत्याही संख्येला लागू पडणाऱ्या वेगवान कसोट्या एक तर नशिबाच्या फाशांवर चालत किंवा सिद्ध न झालेल्या गृहीतांवर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी अशी रीत दिली, जी प्रत्येक संख्येचे मूळपण निश्चितपणे ठरवते आणि जिचा वेळ अंकांच्या संख्येच्या ठरावीक घाताच्या मर्यादेतच राहतो. अनेक दशके अडलेला प्रश्न थोडक्या पानांत, पदवीच्या पातळीवर समजेल अशा गणिताने सुटला. पण या रीतीनेही अवयव हाती लागत नाहीत. ती संख्येने नियम मोडला की नाही तेवढेच पाहते, जसे आपण १५ च्या बाबतीत पाहिले. कानपूरच्या निकालाने म्हणूनच आरएसएला धक्का बसला नाही. दोन कामे वेगळी आहेत याचा त्याहून चांगला पुरावा मागता येणार नाही. दुसऱ्या कामावरचा खरा हल्ला १९९४ मध्ये पीटर शोर याने मांडला: पुरेसा मोठा आणि बिनचूक क्वांटम संगणक बांधता आला, तर त्यावर अवयवही वेगाने पाडता येतील. तसा संगणक अजून झालेला नाही, पण तो होईल हे धरून तयारी सुरू झाली आहे. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या गुप्तलेखनाची पहिली मानके जाहीर केली. त्यांचा पाया अवयवांवर नसून मुख्यतः अनेक मितींतल्या जाळीवर सर्वांत जवळचा बिंदू शोधण्यासारख्या प्रश्नांवर आहे. तिथेही उत्तर पडताळणे सोपे आणि शोधणे अवघड असे दिसते, आणि त्या अवघडपणाची सिद्धताही अजून कोणाकडे नाही.